पंधरा हजार ठिकाणं, ओळखीचं एकही नाही

जानेवारी २०२२ मध्ये टेकलँड या पोलिश कंपनीने जाहीर केलं, की ‘डाइंग लाइट २’ पुरता संपवायचा तर किमान ५०० तास लागतील. रोज दीड तास खेळलं तर अकरा महिने! खेळाडू हरखतील असा कंपनीचा होरा होता. झालं उलटंच. इतकी ओरड झाली, की मुख्य कथा वीसेक तासांत संपते, असा खुलासा करायची वेळ आली.

तो खेळ झॉम्बींचा. पण पसारा दाखवून माल खपवायची ही खोड जादू-राक्षस-तलवारींच्या रोल-प्लेइंग खेळांना फार आधीपासून जडलेली आहे. १९९६ साली बेथेस्डा या कंपनीचा ‘डॅगरफॉल’ आला. त्याच्या जगाचा सांगितला जाणारा आकडा आहे १,६१,६०० चौरस किलोमीटर. आपला जळगाव जिल्हा ११,७६५ चौरस किलोमीटरचा. चोपड्यापासून चाळीसगावापर्यंत सगळं धरून असे तेरा जिल्हे त्यात बसतील आणि वर जागा उरेल. गावं, वाड्या, भुयारं मिळून ठिकाणं पंधरा हजारांवर. ती एकेक करून कुणी घडवली नव्हती, संगणकाने सूत्र लावून पाडली होती. त्यामुळे घरं तीच, माणसं तीच, बोलणंही तेच. या गावातून त्या गावात पायी कुणी जात नाही; नकाशावर बोट ठेवायचं आणि पोहोचायचं. जिथे कुणी चालतच नाही, ती जमीन मोजायची कशाला?

हे बेथेस्डालाही उमगलं असावं. त्याच मालिकेतला पुढचा मोठा खेळ, २००२ चा ‘मॉरोविंड’, जेमतेम २४ चौरस किलोमीटरचा. आणि तो खेळलेल्यांना त्यातले रस्ते आजही तोंडपाठ आहेत. कारण एकेक गाव, एकेक गुहा कुणीतरी हाताने मांडलेली. कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. माणसाला विचारायचं. तो सांगणार, गावाबाहेर पड, पूल ओलांड, फाट्यावरून डोंगराच्या अंगाने जा. चोपडा तालुक्यात अडावदच्या पुढे उनपदेवच्या गरम झऱ्याची वाट विचारली तर आपल्याकडचा म्हातारा सांगेल, अगदी तसंच. खेळातला माणूस क्वचित चुकीचंही सांगतो, मग आपण भलत्याच दरीत उतरतो आणि तिथे काहीतरी सापडतं. चाल संथ, पुढचं धुक्यात दडलेलं, खेळ घडतो त्या बेटाच्या मधोमध लाल डोंगर आडवा, त्याला वळसा घालूनच जावं लागतं. म्हणून २४ चौरस किलोमीटर देशाएवढे वाटतात. जग मोठं वाटतं ते वाटेत अडखळायला लावतं म्हणून. हे साधं गणित कळूनही कंपन्या नकाशेच वाढवत सुटल्या आहेत, याचा मला राग येतो.

सगळे मोठे खेळ वाईट, असं म्हणत नाही. २०१५ चा ‘द विचर ३’ घ्या. त्यात ‘ब्लडी बॅरन’ नावाचं उपकथानक आहे. दारूच्या नशेत बायकोला मारणारा एक सरदार. जन्माआधीच मेलेलं त्याचं मूल नीट पुरलंच गेलं नाही, म्हणून ते भूत होऊन बसलेलं. तुम्ही तसा निर्णय घेतलात तर तो ते विद्रूप पोर स्वतःच्या हातांवर घेऊन रात्री घराकडे निघतो, त्याला नाव देतो आणि उंबऱ्याखाली पुरतो. अंतर फार नाही. पण त्या थोड्याशा वाटेत अख्ख्या संसाराची राखरांगोळी दिसते. आता याच खेळातला स्केलिगेचा समुद्र पाहा. पाण्यावर जिथे-तिथे प्रश्नचिन्हं पेरलेली. होडी हाका, बुडी मारा, पिंपं उघडा, पुढच्या प्रश्नचिन्हाकडे चला. एकाच कंपनीने एकाच खेळात केलेल्या या दोन गोष्टी. पहिली लेखकांनी लिहिलेली, दुसरी नकाशा रिकामा दिसू नये म्हणून टाकलेली.

तास मोजणाऱ्या पोरांना मात्र मी दोष देणार नाही. वर्षाकाठी एकच खेळ घेता येत असेल तर तो लवकर संपू नये असं वाटणारच. पण पसाऱ्याचा भुर्दंडही त्यांनाच बसतो. ‘बाल्डर्स गेट ३’ या खेळाला १५० जीबी जागा लागते. चोपड्यात किंवा धानोऱ्यात मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर तो उतरवायचा म्हटला तर दोन-अडीच महिने. उलट, छोट्या खेळाची वेगळीच कोंडी. ‘स्टीम’ या खेळांच्या ऑनलाइन दुकानात दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ चौदा दिवसांच्या आत परत करून पैसे मिळतात. ग्राहकाला ही सोय हवीच. पण दीड तासाची नेटकी गोष्ट रचणाऱ्याचा खेळ पुरता संपवूनही परत करता येतो. मग तोही गोष्टीत पाणी घालायला लागतो.

आपल्या घरचं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. पळवून नेलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, छाया-बाहुल्यांच्या खेळातून उलगडणारी कथा, भिंतींवर रंगवलेली पुराणं. तो रोल-प्लेइंग नाही, मारधाडीचा साहसी खेळ आहे, आणि पाच-सहा तासांत संपतो. फार लवकर आटोपला अशी तक्रार झाली आणि शेवटापुरती ती खरी आहे. तरीही त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनांत तो होता. जळगाव जिल्ह्याएवढा नकाशा त्याच्याकडे नव्हता.

पुण्या-मुंबईत खेळ बनवणाऱ्या मराठी पोरांना म्हणूनच सांगणं आहे. परदेशी कंपन्यांच्या चौरस किलोमीटरशी स्पर्धा करू नका, तेवढा पैसा आणि तेवढी माणसं तुमच्याकडे नाहीत. एक तालुका घ्या. खाली तापी, वर सातपुडा, मध्ये केळीचे मळे, डोंगरात पावरा-भिल्लांचे पाडे. दहा गावं पुरेत, पण प्रत्येक गावातला माणूस वेगळं बोलू दे, आणि अहिराणीत बोलू दे. पंधरा तासांत संपवा. विकत घेणारे चोपड्यातही आहेत.