एकांताचा कोरम

माणसांपासून दूर जायचे तर एकट्याने जाण्यात काय हशील? ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये मोटरसायकलींवरून मुक्कामी सहलीला जाणारे हे पक्के जाणतात. मारी ते बर्ड्सव्हिल, ५१७ किलोमीटर कच्चा रस्ता. एकांताला बारा जणांचा कोरम. मागे जीपमध्ये फ्रिज, गाद्या, सुटे टायर, सॅटेलाइट फोन. निसर्गाशी दोन हात करायचे म्हणजे बिअर गारच हवी.

टॉम क्रूझ (नट नव्हे, टपालवाले) यांनी १९३६ पासून याच वाटेने ट्रकमधून टपाल पोचवले. वाळूत चाके रुतली की खाली लोखंडी पत्रे घालायचे आणि पुढे निघायचे. हे साहस आहे, हे बिचाऱ्यांच्या लक्षातच आले नाही. ते त्याला नोकरी समजत.

रस्त्यावरच्या खडबडीत लाटांनी म्हणे कंबर धरते. त्यावर आमची नम्र सूचना: मोटरसायकली ट्रेलरवर चढवाव्यात, स्वारांनी एसीत बसावे. १८८४ सालच्या बर्ड्सव्हिल हॉटेलच्या शंभर पावले अलीकडे गाड्या उतरवून जाकिटांवर अस्सल लाल धूळ मारून घ्यावी. ती मारायचे काम जीपच्या ड्रायव्हरकडे.

ड्रायव्हरने मात्र रजेचा अर्ज टाकला आहे. कारण: चार दिवस मोटरसायकलवर एकट्याने भटकणे.