निसर्ग सकाळीच सुटतो

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली आणि अलिबागकरांना शनिवार ओळखायला कॅलेंडर लागेनासं झालं. घट्ट चड्ड्या, काळे चष्मे, लाखाच्या घरातली सायकल. मागून टेंपो, त्यात केळी, पंक्चरचं सामान आणि रेवदंड्याच्या आधीच गार पडलेले दोन वीर. चढावर यांना मागे टाकून जाणाऱ्या शाळकरी पोरीच्या सायकलला गियर नसतात, कॅरिअरवर धाकटा भाऊ मात्र असतो. तिला कुणी ‘रायडर’ म्हणत नाही. उशीर झाला म्हणून बाई ओरडतात, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी कोलाडला, कुंडलिकेत होड्या. माफ करा, राफ्ट. लाईफ जॅकेट चढवून मंडळी खवळलेल्या नदीशी झुंज देतात. ही खवळलेली नदी भलतीच शिस्तीची आहे हो! मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरात राबून खाली सुटतं, तेव्हा हिला जोर चढतो. म्हणून तर राफ्टिंग सकाळी. वीजघराने पाणी सोडलं नाही, तर त्या दिवशी निसर्ग बंद. याच धरणाविरुद्ध १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यापायी तुरुंगात गेले. आता त्याच पाण्यावर लोक माणशी पैसे मोजून किंचाळतात. किंचाळतानाच्या व्हिडिओचे पैसे वेगळे.