खर्जाचा खोका

माझा कान तयार आहे, असे मी गेली तीस वर्षे सांगत आलो. लोकांनी ते मानलेही, कारण पुरावा मागायला कोणाला वेळ नव्हता. सबवूफर घ्यायचे ठरले आणि हा कान पणाला लागला.

दुकानदाराने विचारले, "गाणी की पिक्चर?"

"संगीत," मी म्हणालो. 'गाणी' मला जरा झोंबले होते.

"बाबा, पिक्चर!" चिरंजीव म्हणाले. "स्फोट झाला की सोफा हलला पाहिजे."

सबवूफर म्हणजे खर्जाचा खोका; तो भोकवाला असतो किंवा बंद. सोफा हलवायचा तर भोकवाला खोका घ्यावा. त्यात आतली हवाही नळीतून कामाला लागते, म्हणून तेवढ्याच वॅटमध्ये दणका मोठा. पण नळी ज्या कंपनसंख्येला जुळवलेली, तिच्याखाली आवाज सप्तकामागे 24 डेसिबलने कोसळतो. बंद खोका 12 नेच, शिस्तीत उतरतो, आणि ठोका संपला की गप्प बसतो.

यात नवे काय? आपला डग्गा म्हणजे बंद खोकाच. खाली धातूचे भांडे, वर चामडे, आत कोंडलेली हवा. घटम म्हणजे भोकवाला: मातीचे पोट, उघडे तोंड. त्यातही डग्ग्याची शाई बघा. ती मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते. उरलेल्या जागेवर मनगट टेकायचे आणि तळहात दाबत पुढे सरकवला की तो 'घे' असा वर चढतो, की समोरच्याने सगळी उधारी माफ करावी. तो तळहात म्हणजेच व्हॉल्यूम, तोच फिल्टर. हे मी दुकानदाराला वीस मिनिटे समजावले. तेवढ्यात त्याने दोन टीव्ही विकले.

बंद खोका घरी आला. त्याची जागा शोधायची एक खरीखुरी रीत आहे: खोका सोफ्यावर ठेवायचा, आपण जमिनीवर रांगायचे आणि खर्ज जिथे नीट ऐकू येईल तिथे खोका मांडायचा. पंचावन्नाव्या वर्षी मी हॉलभर रांगलो.

"सापडलं का हो?" आतून सौ.ने विचारले. तिला वाटले, चष्मा हरवला.

खर्जाला भिंती फारशा अडवत नाहीत. खालच्या काकू वर येऊन सांगून गेल्या, "आमच्या मांडणीतली ताटं गायला लागलीत." म्हणजे उत्तम जागा त्यांच्या स्वयंपाकघरात होती.

तीन महिने मी रोज खोका ऐकला. मग एका रात्री लक्षात आले, की या तीन महिन्यांत एकही राग शेवटपर्यंत ऐकलेला नाही. दर दोन मिनिटांनी उठायचे, बटण पिळायचे, परत बसायचे.

वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, ट्रान्झिस्टरचा स्पीकर वाटीएवढा होता. काळी एकच्या तंबोऱ्यातला खर्ज सुमारे 69 हर्ट्झचा; त्या वाटीतून तो निघणे शक्य नव्हते. तरी अण्णा डोळे मिटून त्या खर्जात बुडालेले असत. मूळ स्वर गायब असला तरी वरच्या स्वयंभू स्वरांवरून मेंदू तो भरून काढतो, हे मी या खोक्यापायीच वाचले. अण्णांनी ते वाचले नव्हते. आपला कान तयार आहे असेही ते कधी म्हणाले नाहीत.

चिरंजीवांना हेडफोन घेऊन दिला. खोका बंद घेतला होता. हल्ली तो बहुतेक वेळ बंदच असतो.