भीती किरणांची, मरण धुराचं

अणुवीज म्हटलं की चेर्नोबिल आठवतं, फुकुशिमा आठवतं. चंद्रपूर कुणाला आठवतं?

मार्च 2011. जपानमध्ये त्सुनामीने अठरा हजारांवर माणसं गिळली. फुकुशिमाच्या किरणोत्सर्गाचा बळी म्हणून तिथल्या सरकारने मान्य केलेला मृत्यू मात्र एक. घाईघाईने हलवताना आणि नंतरच्या हालअपेष्टांत दगावलेले म्हातारे-आजारी दोन हजारांवर. किरणांपेक्षा धावपळीनेच जास्त जीव घेतले.

ऑक्सफर्डच्या ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ने अपघात आणि प्रदूषण दोन्ही धरून हिशेब मांडलाय. शंभर कोटी युनिट विजेमागे कोळशाचे बळी सुमारे 25. अणू, वारा, ऊन यांचा प्रत्येकी एक दशांशही नाही. यात चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरलेले आहेत!

आता चंद्रपुरात या. कोळशावरचं महाऔष्णिक केंद्र, 2920 मेगावॉट. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कडेवरून संध्याकाळी बोट फिरवा. दोरीवरचा पांढरा सदरा झटकून बघा. सदऱ्यावर बसतं ते छातीत बसत नाही?

चिमणीतल्या गंधकाच्या वायूला आवर घालण्याचा नियम 2015 चा. मुदत दोन वर्षांची. मग मुदतवाढ. पुन्हा मुदतवाढ. जुलै 2025 मध्ये तर बहुतेक केंद्रांना तो वायू शोषणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली.

अणुभट्टीला अशी सूट दिली असती, तर आपण गप्प बसलो असतो?

आणि खाण? 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी घुसलं. 375 कामगार गेले. त्यावर बेतलेला ‘काला पत्थर’ सिनेमा आपल्याला आठवतो, तो आकडा आठवत नाही.

पाण्याची वीज तरी निर्धोक? त्याच वर्षी चीनमधलं बान्चियाओ धरण फुटलं. सर्वांत कमी अंदाज धरला तरी मृतांचा आकडा पंचवीस हजारांच्या वर जातो. पानशेत पाहिलेल्या पुणेकरांना धरण फुटणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

सगळ्यांत जुनी ऊर्जा घरातच आहे. सरपण, गोवऱ्या, फुंकणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या धुराने 2020 मध्ये जगभरात 32 लाख जीव गेले. सिलिंडर फुटला की बातमी होते. फुंकणी फुंकून दमेकरी झालेल्या बाईची होत नाही.

जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाला प्रश्न विचारा, खडसावून विचारा. जमिनीचे, मासेमारीचे, नुकसानभरपाईचे, सगळे विचारा. पण तितक्याच जोराने चंद्रपूरलाही विचारा. जैतापूरची अणुभट्टी अजून उभीच राहिलेली नाही. चंद्रपूरच्या चिमण्या चाळीस वर्षं धूर सोडताहेत.