विकतचे दोष

वाद्याला चुकून पाय लागला तर हात जोडायचे, ही आपली रीत. संगीत नाटकातल्या पायपेटीने तिला थोडा धक्का दिला होता खरा, पण गिटारवाल्यांनी ती पार मोडीत काढली. त्यांचं निम्मं वाजवणं पायाखाली असतं. गिटारची वायर एका धातूच्या डबीत, म्हणजे पेडलमध्ये, शिरते, दुसऱ्या बाजूने निघून स्पीकरकडे जाते आणि मधल्या मधे आवाजाचं काहीतरी होतं. एखादी डबी त्याला खरवडते, एखादी पाण्यात बुचकळून काढते, एखादी त्याच्या मागे प्रतिध्वनींची रांग लावून देते. बॉस या जपानी कंपनीने १९७७ मध्ये अशा आटोपशीर डब्या आणल्या, तेव्हा हिशेब सरळ होता: एक डबी, एक काम. पुढे सगळ्या डब्यांचं काम एकाच यंत्रात कोंबलं गेलं, त्याला मल्टी-इफेक्ट्स म्हणू लागले. ते डिजिटल झालं आणि दर वर्षी आकसत आकसत आता खिशापर्यंत येऊन ठेपलं आहे.

हे सगळं मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण चेन्नईत मैलापूरला आमच्या वरच्या मजल्यावर एक गिटारवाला राहतो. सोमवार ते शुक्रवार तो ओएमआर रस्त्यावरच्या एका कंपनीत संगणकापुढे बसतो, शनिवारी लग्नांच्या रिसेप्शनला वाजवतो आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये. ज्या गल्लीत पहाटे तीन खिडक्यांमधून सरळी वरिसैचे पलटे ऐकू येतात, त्या गल्लीत इलेक्ट्रिक गिटार घेऊन सुखाने नांदणं ही त्याची खरी करामत. जिन्यात भेटला की तो म्हणतो, “अंकल, नवीन येतंय.” काय येतंय, हे मी आता विचारत नाही. घरात पेडल आहेत, चांगली चालतात, पण त्याचा जीव नेहमी अजून बाजारात न आलेल्या पेडलमध्ये अडकलेला असतो.

हे येणारं यंत्र तळहाताएवढं असावं, कारण पाठीवर गिटार आणि हातात डब्यांची पेटी घेऊन तिरुमयिलै स्टेशनाचे जिने चढणं म्हणजे शिक्षा आहे. त्याला हेडफोनचं भोक असावं, कारण खालच्या मजल्यावर मी राहतो. (हे कारण तो मोठ्या अदबीने सांगतो.) पडद्यावरची अक्षरं रिसेप्शनच्या झगमगाटातही वाचता यावीत. समुद्राच्या खाऱ्या हवेने सॉकेट गंजू नयेत. मेन्यूच्या पोटात मेन्यू नसावा, सरळ फिरवायची बटणं असावीत. पण बटणं वाढली की डबी मोठी होणार, म्हणून बटणं लहान असावीत. आणि लहान बटणं पायाने फिरत नाहीत. इथे आला की तो जरा थांबतो आणि मग दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो.

दुसरा मुद्दा विजेचा. बहुतेक पेडलना नऊ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधोमध ऋण टोक लागतं. इतर उपकरणांच्या अॅडॉप्टरांत बहुधा मधोमध धन असतं. अण्णा सालैच्या बगलेतल्या रिची स्ट्रीटवर इलेक्ट्रॉनिक्सचं जगात असेल नसेल ते सगळं मिळतं. तिथे पिन बसली म्हणजे जमलं अशा भरवशावर घेतलेल्या अॅडॉप्टरने चांगल्या डबीचा बळी घेतल्याच्या कथा गिटारवाले भुताच्या गोष्टींसारख्या सांगतात. तेव्हा नव्या यंत्रात फोनचाच चार्जर चालावा. तिसरा मुद्दा किमतीचा, पण त्यावर तोडगा निघालेला आहे: सॅन होजेहून डिसेंबरात येणाऱ्या आतेभावाच्या बॅगेत अर्धा किलो जागा आत्ताच राखून ठेवलेली आहे. पेडल मात्र अजून कारखान्यातून निघायचं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उशीर होता कामा नये. डिजिटल यंत्राला आवाजाचे आकडे करायला आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करायला काही मिलिसेकंद लागतात. एका मिलिसेकंदात आवाज हवेतून फुटाहून थोडा जास्त जातो. म्हणजे तीन मिलिसेकंदांचा उशीर हा स्पीकरपासून दोन पावलं मागे उभं राहण्याइतकाच. हे गणित मी त्याला मोठ्या उत्साहाने करून दाखवलं. तो म्हणाला, “बरोबर आहे अंकल, पण तो उशीर वेगळा वाटतो.” त्यानंतर मी त्याच्याशी मिलिसेकंदांचा विषय काढलेला नाही.

मला खरी गंमत वाटते ती या यंत्रांच्या आत काय भरलेलं असतं, त्याची. नीट पाहिलं तर त्यात बहुतेक दोषच आहेत. १९६१ च्या सुमारास नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स या गायकाचं गाणं मुद्रित होत असताना मिक्सरचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची बास गिटार भलतीच फाटक्या आवाजात वाजली. तो तुकडा तसाच ठेवला, गाणं गाजलं आणि लोक तो फाटका आवाज मागायला लागले. बिघडलेला मिक्सर काही प्रत्येकाला देता येत नाही. म्हणून १९६२ मध्ये तसा बिघाड मुद्दाम घडवून आणणारी डबी निघाली, मेस्ट्रो फझ-टोन. तिला खरं गिऱ्हाईक मिळालं ते १९६५ मध्ये, रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मुळे. तिथेही कीथ रिचर्ड्सने ती वापरली ती पुढे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले येऊन वाजवतील त्याचा नुसता कच्चा खर्डा म्हणून. खर्डाच छापून गेला.

बाकीच्यांचीही कथा अशीच. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला झेपेना इतका आवाज वाढवला की तो चिरका होई. इंजिनियरांनी तो चिरकेपणा जावा म्हणून हाडांची काडं केली. आज तोच चिरकेपणा हुबेहूब उतरवला आहे असं सांगून यंत्रं विकली जातात. टेपवर प्रतिध्वनी काढायचे तेव्हा टेप जुनी होऊन लटपटायची. आता डिजिटल डबीत टेप किती जुनी हवी, ते ठरवायचं बटण असतं. काही यंत्रांत तर अॅम्प्लिफायरची घुंई किती ठेवायची, त्याचाही आकडा असतो. मी तो पाहिला तेव्हा थक्क झालो. ही घुंई चेन्नईतल्या कुठल्याही कल्याण मंडपात फुकट मिळते. पण वरचा मुलगा म्हणतो की ती घुंई वेगळी. एकंदरीत त्याच्या शास्त्रात सगळंच वेगळं असतं.

या शहराला परक्या किंवा विजेच्या वाद्याचं वावडं आहे, असं मात्र कुणी समजू नये. व्हायोलिन हेसुद्धा इथे परकंच होतं. बालुस्वामी दीक्षितरांनी आणि आपल्या सरफोजीराजांच्या तंजावर दरबारातल्या वडिवेलूंनी ते मांडीवर घेतलं आणि आता त्याच्याशिवाय कचेरी, म्हणजे इथली मैफल, उभी राहत नाही. यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन तर अगदी या पेडलच्या गोष्टीत शोभावं असं. साध्या मँडोलिनचा स्वर छेडला की लगेच विरतो आणि गमकाला तर स्वर तगायला हवा. त्यांनी विजेचं मँडोलिन घेतलं, जोडतारांऐवजी पाच एकेरी तारा लावल्या आणि शाळकरी वयात इथल्या संगीत सभांमधल्या जाणत्या कानांना जिंकून घेतलं. २०१४ मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते चेन्नईतच गेले. गिटारवादक आर. प्रसन्ना आयआयटी मद्रासमध्ये जहाजबांधणी शिकले आणि कर्नाटक संगीत इलेक्ट्रिक गिटारवर घेऊन गेले. जिमी हेंड्रिक्सला त्यांनी २००६ मध्ये एक अख्खा अल्बम वाहिला, हेंड्रिक्सच्याच एका अल्बमच्या नावात गणपती बसवून. तेव्हा वरच्या मुलाची स्वप्नं अगदीच हवेतली नाहीत.

नवं पेडल हाती आलं की तो त्याची एक परीक्षा घेतो. तोडीचा गंधार वाजवतो. इथली तोडी म्हणजे स्वरांच्या हिशेबाने आपली भैरवीच, पण तिचा गंधार जागेवर उभा राहत नाही. रिषभ आणि मध्यमाच्या मधे तो झुलत असतो आणि त्या झुलण्यालाच इथे गंधार म्हणतात. पेडलमध्ये स्वर जुळवून देणारा ट्यूनर असतो. त्या दिवशी मी शेजारी बसून पाहिलं. मुलाने तार दाबून ओढली आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागली: डी शार्प, सी शार्प, एफ, पुन्हा डी शार्प. लाल दिवा, हिरवा दिवा, लाल दिवा. मग त्याने स्वराला जोडस्वर लावून देणारा इफेक्ट चालू केला. यंत्राने आधी विचारलं, मेजर की मायनर? त्याने मायनर सांगितलं. पुढे जे झालं त्यात गंधार झुलत होता आणि जोडीदार त्याच्यामागे दर झोक्याला वेगळ्याच पायरीवर उड्या मारत होता. आम्ही दोघंही हसत सुटलो.

पुढच्या मॉडेलमध्ये रागांची यादी असेल, अशी त्याला आशा आहे. मला ती जरा धोक्याची वाटते. ज्या दिवशी यंत्राला हा गंधार कळेल, त्या दिवशी ते त्याला सरळ करायला जाईल.

तळमजल्यावर तंजावरी मराठी बोलणाऱ्या एक आजी आहेत. संध्याकाळी त्या मुलींना गाणं शिकवतात. त्यांच्याकडे फणसाच्या लाकडाचा तंजावरी तंबोरा आहे. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्यासारखा भोपळा त्याला नाही. एकदा सणाच्या निमित्ताने तो जुळवायला काढला, तेव्हा वरचा मुलगाही तिथे उकिडवा बसला. आजींनी तार सुरात आणली. ती नुसती टण्ण वाजली. मग त्यांनी घोडीवर तारेखाली एक सुती धागा सारला आणि नखाने तो अगदी केसभर पुढे ढकलला. तार एकदम बोलायला लागली, तिच्यातून बाकीचे स्वर निघायला लागले. आणखी केसभर ढकलला, तेव्हा पुन्हा मुकी. मुलगा डोळे विस्फारून पाहत होता, कारण ही तर चक्क इफेक्टची डबी होती. तार घोडीला घासते म्हणून तो झणकार येतो. यंत्राच्या भाषेत शुद्ध बिघाड. तो बिघाड नेमका साधायचा म्हणून मिरजेत घोडी घासून जवारी काढणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या गेल्या. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या बिघाडाचा वाटा किती, हे काढायला हरकत नाही. मुलाने विचारलं, “याचं सेटिंग काय ठेवायचं?” आजी म्हणाल्या, “ऐक आणि सरकव.”

यावरून आजी म्हणजे जुन्या वळणाच्या, यंत्राला नाकं मुरडणाऱ्या असतील असं वाटेल. तसं काही नाही. रोजच्या शिकवणीला तो तंबोरा कोपऱ्यातच असतो. कारण तो छेडत बसायला एक माणूस लागतो, आणि आजींची कंबर आता तयार होत नाही. जमिनीवर इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो. बंगळूरचे जी. राज नारायण, शिक्षणाने अभियंता आणि आवडीने बासरीवादक, यांनी १९७९ च्या सुमारास काढलेल्या यंत्राचा वंशज. त्याच्याबद्दलच्या आजींच्या तक्रारी ऐकल्या की मला वरचा मजला आठवतो. वीज जाऊन आली की ते लावलेली पट्टी विसरतं. आवाजाचं बटण खरखरतं. आणि तारा इतक्या साफ वाजतात की कंटाळा येतो. “तुझं ते नवीन येतंय ना,” त्यांनी मुलाला विचारलं, “त्यात धाग्याचं बटण आहे का बघ.” त्याने गंभीरपणे फोनवर टिपून घेतलं.

आता डिसेंबरचा संगीताचा सीझन तोंडावर आहे आणि आतेभावाने तिकीट काढलं आहे. मध्यंतरी एका रिसेप्शनला मुलाने मला मुद्दाम बोलावलं. त्याने रात्र जागून जुन्याच पेडलमध्ये एकेका गाण्याचा आवाज बेतला होता; एकात थोडी खरखर, एकात लांबवर विरत जाणारी घुमार, अगदी तोलून. मंडपात पोचल्यावर माइकसेटवाल्याने त्याची वायर आपल्या मिक्सरला जोडली, एक बटण सवयीने पुरतं उजवीकडे फिरवलं आणि जेवायला निघून गेला. ते बटण एकोचं होतं. मग गिटार, गायक, भटजी आणि हरवलेल्या चपलांची सूचना असं सगळंच दोन दोनदा ऐकू येत राहिलं. तेव्हा नव्या यंत्रात माइकसेटवाल्याचा एको कापणारं एखादं बटण असावं, ही माझीही एक मागणी. ती फोनवर टिपून घ्यायला मी मुलाला सांगितलं आहे.