देवाची मंजूर रजा

रजेच्या अर्जावर मंजुरीचा शेरा मारताना वरिष्ठांच्या मुद्रेवर जे कारुण्य प्रकट होते, ते पाहून कोणत्याही कोमल अंतःकरणाच्या कारकुनाने अर्ज परत घ्यावा, अशी कचेऱ्यांची जुनी वहिवाट आहे. परंतु आषाढीची गर्दी ओसरली की पंढरपुरास नेईन, असे वचन सौभाग्यवतीस देऊन त्याची मुदत मी वर्षानुवर्षे वाढवून घेत आल्यामुळे तिचा तगादा या खेपेस जप्तीच्या थरास पोहोचला होता, म्हणून मी अंतःकरण कठोर केले. "निश्चिंत जा, देव सगळं पाहून घेईल," असा आशीर्वाद देऊन साहेबांनी सही केली. देवाच्या जोडीला मीही थोडेफार पाहावे, हा त्या आशीर्वादातील गर्भितार्थ मात्र स्वारगेटहून सुटलेली एस.टी. हडपसर ओलांडीत असताना खिशातील भ्रमणध्वनीने उलगडून सांगितला.

"निविदेची फाईल कुठं आहे हो?"

"आपल्याच टेबलावर, साहेब. डाव्या हाताला."

यवतला त्यांनी डावीकडे पाहिले होते, भिगवणला कपाट उघडले होते, आणि इंदापुरास असा निष्कर्ष निघाला की, फाईल डावीकडेच होती. फक्त साहेब त्या वेळी टेबलाच्या पलीकडच्या, म्हणजे अभ्यागतांच्या खुर्चीवर बसले होते.

माझ्या शेजारच्या आसनावर गळ्यात तुळशीची माळ आणि मांडीवर धोपटी घेतलेले एक वृद्ध शेतकरी बसले होते. हा सारा पत्रव्यवहार त्यांनी शांतपणे ऐकला. यांच्यामागेही काही व्याप असतील की नाही, या कुतूहलाने मी विचारले, "माउली, शेताकडं कोण आहे?"

"कोन न्हाई. पेरून आलोय. उगवायचं खातं आपल्याकडं न्हाई, माउली," ते म्हणाले, आणि मी या विभागणीचे कौतुक करणार इतक्यात पुढे म्हणाले, "माघारी गेलो की खुरपायचं मातुर आपल्यालाच हाय."

कामाची इतकी स्वच्छ वाटणी मी आमच्या कचेरीच्या कोणत्याही परिपत्रकात पाहिलेली नाही.

पंढरपुरास दर्शनबारीत उभे राहिल्यावर देवाच्या स्वतःच्या नोकरीविषयी जी माहिती हाती येते, ती प्रत्येक नोकरदाराने मनन करावी अशी आहे. शास्त्राप्रमाणे भगवान आषाढ शुद्ध एकादशीस जे शयन करतात ते कार्तिकीस जागे होतात. म्हणजे चार महिन्यांची भरपगारी रजा, आणि तीही अर्जावाचून. परंतु ज्या सुमारास शास्त्र ही रजा मंजूर करते, नेमक्या त्याच सुमारास पंढरपुरात देवाचा पलंग काढून ठेवतात! काकडारती नाही, शेजारती नाही. चोवीस तास दर्शन, आणि उभ्या देवास टेकावयास पाठीशी तेवढा एक लोड. मंजूर रजेच्या पहिल्याच दिवशी कामावर हजर राहण्याचा हुकूम साक्षात परब्रह्मासही चुकला नाही, हे कळताच माझ्या मनातील कितीतरी कटुता निवळली.

तथापि पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. वारी सरली की देवाची प्रक्षाळपूजा होते: पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवितात आणि पलंग पुन्हा शयनगृहात जातो. देव थकतो, हे ज्या समाजाने इतक्या गांभीर्याने मान्य केले, त्याच समाजातील माणसे आपण थकलो आहोत हे कबूल करावयास वैद्यकीय दाखला मागतात, हे नवल आहे. विठ्ठलावर भार टाकणे म्हणजे आपल्यावाचून जगाचे चाक अडेल, हा अहंकार त्याच्या पायाशी जमा करून पावती घेणे होय, असे मला तेथे वाटले. आणि पावत्यांच्या बाबतीत हा देव चोख आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार रयतेला खुले केले, तेव्हा विठू महाराच्या रूपाने बेदरास जाऊन त्याने धान्याची किंमत भरली आणि रीतसर रसीद घेतली, अशी कथा आहे.

परतीच्या वाटेवर आम्ही अरणला उतरलो. सावता माळी येथले. 1295 साली त्यांनी येथेच देह ठेवला. मळा सोडून ते पंढरीस गेले नाहीत, अशी परंपरा सांगते, आणि म्हणून आषाढीनंतर पांडुरंगाचीच पालखी त्यांच्या भेटीस अरणला येते. भक्ताला कामातून सवड नाही म्हणून देवाने दौरा काढावा, आणि त्याचा प्रवासभत्ताही कोणाकडे मागू नये, हे वाचकांपैकी जे लेखापरीक्षक असतील त्यांना पटणे कठीण.

मी हे सर्व सौभाग्यवतीस विस्ताराने समजावीत होतो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"अहो, सावतोबांकडं देव आपण होऊन आला. जनीबरोबर जात्याला बसला. तुमच्या साहेबांकडं तुम्ही इंदापुरातूनसुद्धा जाऊन येता," ती म्हणाली. "माझ्या ओट्यापाशी कोण येतं ते सांगा."

कथेकऱ्यांच्या दीर्घ परंपरेत या शंकेचे समाधान मला सापडले नाही. तिनेही त्यासाठी फार काळ वाट पाहिली नाही. समोरच्या बाईकडून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, पुण्याच्या गाडीत जागा मिळताच माझ्या मांडीवर वर्तमानपत्र पसरले आणि त्यावर एक जुडी सोडून ठेवली. पाने खुडावीत, कोवळी देठे राहू द्यावीत, मुळांकडची माती पानांत मिसळू देऊ नये, एवढ्या सूचना देऊन ती खिडकीशी डोळे मिटून बसली. टेंभुर्णी मागे पडली आणि भ्रमणध्वनी वाजू लागला. साहेबच होते. परंतु दोन्ही हात मेथीत गुंतलेले असल्यामुळे तो घेणे मला शक्य झाले नाही.