ऊस चोख, विष काहिलीत

जिया टॅन हे नाव घेतलेल्या माणसास,

तुला नमस्कार लिहीत नाही. तुझं खरं नाव जगाला अजून कळलेलं नाही. आमचं कुंडल इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारचं गाव. 1943 साली पोलिसांपासून लपणाऱ्यांना इथल्या घरांनी भाकरी घातली, कारण ते याच लोकांसाठी जिवावर उदार झाले होते. तू मात्र ज्याच्या ओसरीवर बसलास, त्याच्याच घराला भगदाड पाडलंस.

लासे कॉलिन 'एक्सझेड' हे फाइल आवळून लहान करणारं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं पगाराविना सांभाळत होता. 2022 मध्ये त्याने आपलं मन थकल्याचं उघड लिहिलं. त्याच सुमारास अनोळखी नावं त्याच्यामागे लागली: झेपत नसेल तर दुसऱ्याला दे. तो दुसरा तू निघालास. आजाऱ्याच्या डोक्यावरचा भारा उतरवायला आलास आणि कनवटीची किल्ली काढून घेतलीस. याचीच मला सर्वांत जास्त चीड आहे.

'तयार पॅकेज नको, सोर्स घ्या, तो उघडा असतो,' असं मी पोरांना सांगत आलो. पॅकेज म्हणजे बाजारातली गुळाची ढेप, सोर्स म्हणजे मूळ कोड, फडातला ऊस. पण गुऱ्हाळावर रात्र काढलेल्याला ठाऊक असतं, ऊस चोख असला तरी गूळ उजळवणारा हायड्रोस पडतो तो काहिलीत. तू तेच केलंस. विष, म्हणजे चोरदार उघडणारा कोड, चाचणीच्या फाइलींत दडवलंस, आणि ते कालवणारी स्क्रिप्ट फक्त एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात, घातलीस. गिटवरच्या उघड्या कोठारातला सोर्स वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती. लिनक्सच्या डेबियन किंवा आरपीएम प्रकारचं पॅकेज बांधलं जातंय असं दिसलं, तरच ती जागी व्हायची.

तुझी लबाडी पकडली ती एका चौकस माणसाने. तू भगदाड पाडलेल्या एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून संगणकात शिरण्याच्या दाराला, अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे अँड्रेस फ्रॉइंडला खटकलं. तो मुळापर्यंत गेला आणि 29 मार्च 2024 ला त्याने सगळं उघड केलं.

आता मी पोरांना सोर्सबरोबर बांधणीचंही विचारायला सांगतो. त्याच सोर्समधून दुसऱ्याने बांधलं तर बाइट न् बाइट तेच निघतं का? डेबियनची मंडळी दहा वर्षांहून अधिक काळ यासाठी झटत आहेत. त्यांना हात द्या, एकट्याने ओझं वाहणाऱ्यांनाही द्या.

आणि तू घातलेली घाण उपसली लासे कॉलिननेच. 29 मे 2024 ला त्याने एक्सझेड 5.6.2 प्रसिद्ध केलं.

— कुंडलचा एक रहिवासी, ता. पलूस, जि. सांगली